पडद्याखालचा फिडलमास्तर

या अंकाच्या संपादकांनी मला ‘माझी संगीतसाधना’ असा विषय दिला आहे. ‘साधना’ हा शब्द मी मोठ्यानं वाचला तेव्हा आमची मंडळी हसली आणि हसत हसतच स्वयंपाकघरात गेली. तिला ठाऊक आहे की माझी उमेदीची वर्षं नाशकातल्या एका सिनेमाच्या थिएटरात, पडद्याच्या खाली, पत्र्याच्या खुर्चीवर मान वर करून गेली. साधनेचं म्हणाल तर पहाटेचा रियाज, वस्तादांचे पाय चेपणं, बोटांना पडलेले घट्टे, हे सगळं माझ्याकडेही आहे. पण ते प्रत्येक कलावंताकडे असतं आणि प्रत्येक दिवाळीला छापून येतं. तुम्ही तेवढी पानं उलटता हे मला माहीत आहे, कारण मीही उलटतो.

तेव्हा चित्रपट मुके होते. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची, मग पाटी यायची आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी मोठ्यानं वाचायचा. बाकी आवाज काय तो आमचा. मी व्हायोलिनवर, इब्राहिमभाई क्लॅरिओनेटवर, एक पेटीवाले आणि एक तबलजी. घोड्यांच्या टापा, विजांचा कडकडाट आणि भांड्यांची आदळआपट तबलजीकडेच. थिएटरचे मालक शेटजी जाहिरातीत ‘भव्य ऑर्केस्ट्रा’ छापायचे, आणि मी त्या भव्यतेचा लीडर. लीडर म्हणजे काय, तर मध्येच फिल्म तुटली की पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त बाकांवरून, पहिली शिवी ज्याला येते तो.

गावात माझं नाव फिडलमास्तर. व्हायोलिन असं म्हणणारी माणसं नाशकात तेव्हा मोजकी होती, आणि तीसुद्धा ते गोऱ्यांचं वाद्य म्हणून नाक मुरडायला म्हणत. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्यानं मुलाच्या लग्नात आम्हाला बोलावलं होतं. वरात निघाली तसा तो म्हणाला, “मास्तर, बसलाय काय? चला की घोड्यापुढं वाजवत.” मी सांगितलं, हे वाद्य हनुवटीखाली धरून बसून वाजवायचं असतं. तो म्हणाला, “मग लहान आणायचं ना.” शेवटी आम्हाला बैलगाडीत बसवलं आणि आमची पाठ दिसू नये म्हणून बैलांची तोंडं नवरदेवाकडे केली. ‘भव्य ऑर्केस्ट्रा’ उलटा चालत मांडवात पोचला.

धंद्याची रीत अशी होती. चित्रपटाचे डबे मुंबईहून आगगाडीनं नाशिक रोडला उतरायचे. तिथून तुकाराम टांगेवाला ते थिएटरात आणून टाकायचा आणि त्या बदल्यात पुढच्या बाकावर फुकट बसायचा. तालीम वगैरे काही नाही. पहिला खेळ आम्ही प्रेक्षकांबरोबरच पाहायचो आणि पाहता पाहता वाजवायचो. एकदा लांबून माणसांचा घोळका येताना दिसला, पुढे ताशेवाले, फुलं उधळणं चाललेलं. मी म्हटलं वरात आली, आणि झकास मांड राग सुरू केला. जवळ आल्यावर कळलं की ती म्हाताऱ्या सरदाराची अंत्ययात्रा आहे. पिटातल्या लोकांना ते फार आवडलं. पुढचे सगळे खेळ त्यांनी तिथे मांडच मागितला.

अशा फजित्या टाळायच्या म्हणून मी प्रसंगाप्रसंगाला राग नेमून दिले. दुष्ट सरदार नायिकेला पळवायला आला की मारवा. मारव्याची गंमत अशी की त्यात षड्ज टाळत राहायचा असतो. षड्ज म्हणजे सुरांचं घर. ऐकणाऱ्याला घराच्या दारापर्यंत न्यायचं आणि आत जाऊ द्यायचं नाही, म्हणजे आपोआप जीव टांगणीला लागतो. नायक घोड्यावरून सोडवायला निघाला की हमीर, तुटका पूल येईपर्यंत चढ्या लयीत. आणि आई मेली की भैरवी. त्या काळी आई प्रत्येक चित्रपटात मरायची, त्यामुळे भैरवीला कधी खंड पडला नाही.

यावर पहिलं भांडण झालं ते इब्राहिमभाईंशी. ते जुन्या तालमीतले, रागाची वेळ पाळणारे. एका संध्याकाळच्या खेळात पडद्यावर पहाट झाली आणि मी भैरव धरला. त्यांनी क्लॅरिओनेट मांडीवर ठेवलं.

“मास्तर, बाहेर जाके देखो. सूरज डूब रहा है.”

“इब्राहिमभाई, पडद्यावर उगवतोय.”

“परदा झूठा है. भैरव झूठा नहीं.”

तोवर पडद्यावर पूजा होऊन नायिका विहिरीवर गेलीसुद्धा. आमचा वाद मिटला नाही म्हणून तिची सगळी सकाळ नुसत्या तबल्यावर गेली. पुढे त्यांनीच तोड काढली. पडद्यावर पहाट आली की ते डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटले की संध्याकाळही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात खोट काढता आली नाही.

मग बोलपट आले. आधी मुंबईला, मग पुण्याला. एक दिवस शेटजींनी आम्हाला बोलावून चहा पाजला. शेटजींचा चहा म्हणजे काहीतरी वाईट घडणार हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता.

“मास्तर, आता फिल्लम स्वतःच बोलणार, स्वतःच गाणार. मशिन सांगितलं आहे. तुम्ही लोक काय करणार मग?”

तो प्रश्न त्यांनी इतक्या मायेनं विचारला की जणू उत्तर ऐकून ते मदत करणार होते. इब्राहिमभाईंचे भाऊ मालेगावला मागावर बसत. इब्राहिमभाई म्हणाले, मी तिकडे जाईन. पण हात बघत बसले. ते हात आता मागाचे राहिले नव्हते.

माझ्यापुढे एकच दार होतं, आणि ते गावातल्या संगीतसभेचं. या सभेचे चिटणीस एक नामांकित वकील होते, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. सभेचे सभासद म्हणजे वकील, डॉक्टर, छापखान्यातले वरचे बाबू. गाणं सुरू झालं की ही मंडळी डोळे मिटून माना हलवत. कोण तल्लीन झालं आहे आणि कोणाला झोप लागली आहे हे फक्त घोरण्यावरून कळे. सभा आता संगीताचा वर्ग काढणार होती आणि त्याला शिक्षक हवा होता. मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा रावसाहेबांनी मला बसायला सांगितलं नाही.

“तुमची तालीम चांगली आहे असं ऐकतो. पण तुम्ही त्या सिनेमात वाजवता. मी तर आजवर त्या इमारतीत पाऊल टाकलेलं नाही.”

“पोटासाठी, रावसाहेब.”

“पोट सगळ्यांना असतं. असं करा, सभेपुढे एक बैठक करा. मंडळींची खात्री पटली, तर जागा तुमची.”

मला ती जागा हवी होती. घरात खाणारी तोंडं होती हे तर झालंच. पण त्याहून जास्त मला हे हवं होतं की नाशकात कुणीतरी एकदा मला फिडलमास्तर सोडून दुसरं काही म्हणावं. वस्तादांनी मला जे दिलं ते मी घोड्यांच्या शर्यतीवर उधळलं, ही बोच मला रोज रात्री खायची. ही बैठक चांगली झाली की ते सगळं धुऊन निघेल असं मी धरून चाललो होतो. महिनाभर मी असा रियाज केला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, घरात कुणी आजारी आहे का.

बैठक वाचनालयाच्या दिवाणखान्यात ठरली. तबल्याला आमचाच तबलजी, तंबोऱ्यावर इब्राहिमभाई. त्या संध्याकाळचा खेळ एकट्या पेटीवाल्यांवर सोपवला होता. सभेच्या हस्तपत्रकावर नेहमीप्रमाणे ‘सर्वांस मुक्तद्वार’ असं छापलेलं होतं. सभेला ते छापायला आवडायचं, कारण आजवर त्या दारातून सभासदांखेरीज कुणी आलं नव्हतं.

नेमके त्याच दिवशी डबे मुंबईहून आले नाहीत. तुकाराम स्टेशनावरून रिकामा टांगा घेऊन परत आला आणि थिएटरवर खेळ बंद असल्याची पाटी लागली. पिटाची सगळी गर्दी रस्त्यावर उभी. तुकाराम टांग्यात उभा राहून म्हणाला, “अरे, घरी कशापायी जाताय? मास्तरचा खेळ हाय आज वाचनालयात. फुकट हाय! माझ्या डोळ्यांनी वाचलंय.” तुकारामला वाचता येत नव्हतं, पण बातमी खरी होती.

मी मारवा लावला. सूर्य खरोखरच मावळत होता, इब्राहिमभाई खूश होते. पुढे सभा डोळे मिटून बसली होती. आलाप जमू लागला आणि मागच्या दारातून माणसं येऊ लागली. हमाल, टांगेवाले, तांबट आळीतले कारागीर, भाजीवाल्या. चपला बाहेर काढून शहाण्यासारखी भिंतीकडेनं उभी राहिली. मला बरं वाटलं. मी कोमल रिषभावर थांबलो, षड्जाच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

“आला भडवा!” मागून कुणीतरी म्हणालं.

सभेनं डोळे उघडले. मी वाजवत राहिलो. दुसरा आवाज आला, बाईचा. “अगं बाई, दार लाव की! मेली उभीच राहते.” मग सगळीकडून कुजबूज सुरू झाली. त्यांच्यापुढे पडदा नव्हता, पण मारवा होता. इतकी वर्षं मारवा वाजला की दुष्ट सरदार आलेला त्यांनी पाहिला होता. मग आज तो कसा येणार नाही?

सभेतले लोक मागे वळून “शू, शू” करू लागले. मी घाईनं मारवा आवरता घेतला आणि हमीर धरला. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा. हमीर मी योजलेलाच होता, बदलायचं सुचलं नाही. विलंबितात तो शांतपणे गेला. पण द्रुत सुरू झाली, तबलजीचा हात सवयीनं टापांवर गेला, आणि भिंतीपासून तुकारामची आरोळी उठली, “घोडा आला रं!”

मग काय विचारता. शिट्ट्या, टाळ्या, पाय आपटणं. “हाण! हाण! सोडू नको त्याला!” टोप्या उडाल्या. सभेचे एक डॉक्टर “हे संगीत आहे, संगीत!” असं ओरडत होते. त्यांना एक हमाल समजावत होता, “व्हय साहेब, पन आता पूल येनार हाय, बसा खाली.” आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी त्या गोंगाटात असा हमीर वाजवला की तसा पुन्हा कधी वाजला नाही. एकीकडे जागा हातची चालली हे दिसत होतं आणि दुसरीकडे हात थांबत नव्हते.

तेव्हाच माझ्या एक गोष्ट लक्षात आली. थिएटरात आम्ही पडद्याकडे तोंड करून बसायचो, लोक आमच्या पाठीमागे. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं वाजवलं त्यांची तोंडं मी कधी पाहिलीच नव्हती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिली.

बैठक भैरवीनं संपवायची रीत आहे. मी भैरवी सुरू केली आणि एकदम सगळं शांत झालं. तुकारामनं फेटा सोडून तोंडाला लावला. भाजीवाल्या पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊ लागल्या. त्यांच्या आया मरत होत्या. मग माझं लक्ष पुढच्या रांगांकडे गेलं. डॉक्टरांनी चष्मा काढला होता. छापखान्याचे बाबू नाक शिंकरत होते. आणि मध्यभागी रावसाहेब, आजवर त्या इमारतीत पाऊल न टाकलेले, उपरणं तोंडात धरून ढसाढसा रडत होते. भैरवी ऐकून असं कुणी रडत नाही. असं फक्त आमच्या थिएटरात, शेवटून दुसऱ्या रिळात, रडतात.

इब्राहिमभाई तंबोऱ्यामागून हळूच म्हणाले, “मास्तर, ये तो सब अपने गिऱ्हाईक निकले.”

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी मला बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं, त्यावरून निकाल कळला.

“तुमचा हात गोड आहे, यात वाद नाही. पण तुमचं वादन ऐकताना श्रोत्याचं मन भलतीकडे जातं. शुद्ध संगीतात श्रोत्याच्या मनात रागाखेरीज काही यायला नको.”

“आपल्या मनात काय आलं होतं, रावसाहेब?”

“माझ्या?”

“मारव्यात रिषभ लागायच्या आधीच आपण खुर्चीचे हात घट्ट धरलेत. पिटातल्या कुणाला अजून कळलंही नव्हतं.”

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, “उकाडा फार होता.”

जागा एका पेटीमास्तरांना मिळाली. ते रावसाहेबांच्या मेहुण्याचे साडू. त्यांच्या वादनानं कुणाचंच मन कुठेच जात नसे, त्यामुळे सभेला अगदी हवा तसा माणूस सापडला. मी घरोघर शिकवण्या धरल्या, लग्नाच्या सुपाऱ्या धरल्या, आणि त्यावरच पुढचा जन्म काढला. त्या पेटीमास्तरांबद्दल माझ्या मनात राग नाही असं मी लिहिणार होतो, पण आहे.

बोलपटाचं मशिन नाशिक रोडला येऊन पडलं. तुकारामचा टांगा त्याला पुरला नाही, शेटजींनी मोटार ट्रक केला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मूकपटाचा अखेरचा खेळ लागला. तोवर वाचनालयातल्या प्रकाराची कथा गावभर झाली होती, त्यामुळे थिएटर खच्चून भरलं. खेळाआधी मी शेटजींना म्हटलं, “आज आमच्या खुर्च्या उलट्या फिरवतो. लोकांकडे तोंड करून बसतो.”

“मग पडदा कसा दिसणार?”

“नाही दिसणार.”

“चुकलात तर?”

“चुकलो तर उद्या कामावरून काढून टाका.”

शेटजी ओशाळले आणि चहा मागवायला गेले. इब्राहिमभाईंना वाटलं माझं डोकं फिरलं. “चित्रपट नया है मास्तर, देखा भी नहीं. बजाएंगे क्या?”

“समोर बघा आणि वाजवा.”

दिवे गेले. पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडांवर पडला. आमच्या पाठीमागे काय चाललं होतं ते मला आजही ठाऊक नाही. पण पहिल्या बाकांवरची माणसं मागे सरकली की मी मारवा लावत होतो, आणि ती पुढे झुकली की हमीर. भाजीवाल्या हसल्या की इब्राहिमभाई आपणहून पिलूचे तुकडे सोडत. कुणीतरी पाटी वाचायचं, “बाळा, आता मी जगत नाही,” आणि आम्ही एकमेकांकडे न पाहता भैरवीवर यायचो. एकदाही चूक झाली नाही. झाली असेल तर कुणी सांगितली नाही.

खुर्च्यांच्या वर्गात रावसाहेब बसले होते. उघडपणे, शेजारी त्यांच्या मंडळी. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान फिरवली नाही. खिशातून रुमाल काढून तेवढा तयार ठेवला.

भैरवी चालू असताना पडद्यावर काय होतंय ते कळेना, कारण समोरच्या चेहऱ्यांत काही बदलेना. आई मेली असेल, चिता पेटली असेल, मुलगा परत आला असेल. मी एका फेऱ्याला दुसरा फेरा जोडत गेलो. इब्राहिमभाईंचा श्वास संपत आला होता, तरी त्यांनी सोडलं नाही. डोळे मात्र या वेळी मिटले नव्हते. शेवटी तुकाराम बाकावरून उठला, वाकत वाकत आमच्यापाशी आला आणि माझ्या कानाशी म्हणाला,

“मास्तर, खेळ संपलाय कवाचा. नुसता पांढरा पडदा हाय.”

मी गज थांबवला. थिएटरात एकही माणूस उठलेला नव्हता.

तुकारामनं माझ्या हाताकडे पाहिलं. “थांबलात कशापायी? म्या फक्त सांगितलं. तुमी वाजवा.”